जेवून निघालं की दिवेलागणीला

१३ ऑक्टोबर, रविवार

आज आमच्या ह्यांनी अमेरिका तीन तासांवर आणून ठेवली!

ओटीवर बसल्या बसल्या. चष्मा कपाळावरून नाकावर ओढला आणि फोनमधलं तिकीट मोठ्याने वाचलं — "मुंबईतून निघायचं दुपारी अडीच. सॅन फ्रान्सिस्कोला पोचायचं संध्याकाळी पाच वीस. तारीख तीच!" मग सगळ्यांकडे असं पाहिलं, जसं काही विमान स्वतःच चालवून आलेत.

पहिल्यापासून लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

आमची पूर्वी आणि शांती नगरचा नीलेश कॉलेजपासून एकमेकांना ओळखतात. मला हे चार वर्षांपासून माहीत आहे, ह्यांना गेल्या दिवाळीपासून, आणि दादांना अजिबात नाही. नीलेशचे लोक मूळ रत्नागिरीकडचे. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये आहे. त्याची आई शैलाबाई आज रीतसर स्थळ घेऊन आल्या. पूर्वी खाली मान घालून चहा घेऊन आली. खाली मान! हिची मान मी बारशानंतर आजच खाली पाहिली.

सगळं ठीक चाललं होतं, तोवर दादांनी विचारलं, "पोरगा ऱ्हातो कुठं?"

दादा म्हणजे माझे मोठे दीर, बाबाजी. अख्खी भावकी त्यांना दादा म्हणते. पंचाहत्तरी उलटली, पण खारी गावातल्या आमच्या घरांत शब्द त्यांचाच. आणि त्यांचा कायदा एकच — पोरगी तिथेच द्यायची, जिथे दुपारी जेवून निघालं की दिवेलागणीला तिच्या दारात पोचता येतं. म्हणून आमच्या मुली गोडदेवला, नवघरला, राईला, फार तर वसईला. धर्मेश आमचा चुलत पुतण्या, त्याच्या बहिणीला, चांदणीला, पुण्याचं स्थळ आलं होतं. गुणी मुलगा, स्वतःचं घर. दादा म्हणाले, "पुनं लांब हाय." संपलं. दादांनी सुपारी फोडल्याशिवाय भावकीतलं चिटपाखरू मांडवात येत नाही. चांदणी अजून घरीच आहे.

तर, "ऱ्हातो कुठं?" आणि शैलाबाई बिचाऱ्या खरं बोलून गेल्या. "अमेरिकेत."

ओटीवर अशी शांतता पसरली की समोरच्या टॉवरची लिफ्ट ऐकू आली. शैलाबाईंनी घाबरून मुलाचा फोटो दाखवायला फोन काढला. बोट भलतीकडे पडलं आणि उघडलं तिकीट. नीलेश डिसेंबरात येणार आहे, त्याचं परतीचं. ते आमच्या ह्यांच्या हातात पडलं. माकडाच्या हाती कोलीत!

दादांनी विचारलं, "तारीख तीच?"

"तीच, दादा."

"पुन्यांदा वाच, काळू."

ह्यांनी पुन्हा वाचलं. दादांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "जेवून निघाचं न दिवेलागणीला पोचाचं. बसतंय."

शैलाबाईंनी खरं सांगायला तोंड उघडलं. त्या उघड्या तोंडात पूर्वीने बेसनाचा लाडू घातला. "घ्या ना काकू, आईने केलेत!"


१४ ऑक्टोबर

पूर्वीने सकाळी बाबांना भूगोल शिकवला. नारळ घेतला. कुंकवाचा एक ठिपका लावला — ही खारी. नारळ फिरवला, पार पाठीमागे दुसरा ठिपका — हे सॅन फ्रान्सिस्को. मधे साडेतेरा हजार किलोमीटर. विमानाला सोळा तासांच्या वर लागतात. तिथलं घड्याळ आपल्या मागे चालतं, म्हणून तिकिटावर तीन तास दिसतात. तिथे दिवेलागण होते तेव्हा इथे दुसऱ्या दिवशीची सकाळ झालेली असते.

हे नारळाकडे बघत राहिले. "मग ही रेघ अशी वाकडी का? सरळ का नाही जात?"

"हीच सरळ आहे, बाबा. पृथ्वी गोल आहे ना. वरून जातं, बर्फाच्या बाजूने."

"भावकीतला बांध पण इतका वाकडा नसतो," हे म्हणाले. मग एकदम चेहरा उतरला. "म्हणजे पोर रात्रभर हवेत?"

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. म्हणाले, दादांना सांगायला पाहिजे. म्हटलं, सांगा. "मी सांगू?" "मग काय नारळ सांगणार?" शर्ट चढवला, भांग पाडला, ओटीवर जाऊन दादांशेजारी अर्धा तास बसले. परत आले.

"सांगितलंत?"

"मासळी फार महाग झालीय, त्यावर बोललो."

संध्याकाळी त्या पृथ्वीचं वाटण करून कालवणात घातलं. प्रश्न मिटला.


१५ ऑक्टोबर

मिटला कुठला! पूर्वी म्हणते, दादा नाही म्हणाले तर ती कोर्टात लग्न करून जाईल. हे म्हणतात, दादांनी सुपारी फोडली नाही तर मी मांडवात पाऊल ठेवणार नाही. दोघं एकाच मापाचे. एकाने दार आपटलं, दुसऱ्याने खिडकी.

मधे मी. पोरगी जाईल ती जाईल, पण ह्या घराशी तोंड फिरवून गेली तर परत कुठल्या तोंडाने येईल? मला ती सगळ्यांच्या अक्षता घेऊन गेलेली पाहिजे. आणि त्यासाठी दादांना अमेरिका तीन तासांवर वाटत असेल, तर मी ती हलवणार नाही. मूग गिळून बसले. शैलाबाईंनाही फोन करून एक मूठ पाठवले.


१९ ऑक्टोबर

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने ह्यांना विचारलं म्हणे, "काका, सुना है अमेरिका तीन घंटे में? हमको तो गाँव जाने में दो दिन लगता है." हे दाढीला साबण लावून घेऊन तसेच परत आले. म्हणतात, बातमी पसरली कशी कोण जाणे.

कोण जाणे! सोमवारी ह्यांनी स्वतःच पानाच्या टपरीवर सांगितली.


२४ ऑक्टोबर

आज ह्यांना सरळ विचारलं, हा दिवेलागणीचा कायदा आला कुठून? लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, कुणी कधी सांगितलं नाही.

ह्यांनी चष्मा काढून खाली ठेवला. मग म्हणाले, "सरूबाईपासून."

सरूबाई ह्यांची बहीण, दादांच्या पाठची. मी फक्त नाव ऐकलंय, फोटो नाही. तिला अलिबागच्याही पुढे दिली होती, एका खाडीपलीकडे. बाळंतपणात अडली. निरोप आला तेव्हा दादा जेवत होते. तसेच उठले आणि निघाले. त्या खाडीवर पोचले तोवर अंधार पडला होता आणि शेवटची होडी गेलेली. पलीकडे गावात एकेक दिवा लागताना दिसत होता. तिचं घर कुठलं तेही दिसत होतं. रात्रभर धक्क्यावर बसले. सकाळच्या होडीने गेले, तर सगळं उरकलेलं होतं.

ह्या माणसाला मी दहा दिवस मनातल्या मनात हसतेय.

पण तोंड उघडून खरं सांगणार आहे का? नाही.


३ नोव्हेंबर, भाऊबीज

काशीगावला गेले. खारीहून रिक्षाने अर्धा तास. दादांच्या कायद्यात मी एक नंबर बसते — जेवून निघालं तर पान खाऊन संपायच्या आत माहेर! आणि वर्षातून किती वेळा जाते? दोनदा. ओवाळून ताट खाली ठेवते न ठेवते तोच ह्यांचा फोन. "चहा पावडर कुठे आहे?"

जिथे अठ्ठावीस वर्षं आहे तिथेच, म्हटलं.

माझी आई दारापर्यंत आली. "ये गो परत," म्हणाली. दर वेळी म्हणते. मी दर वेळी "हो" म्हणते. पूर्वी पण म्हणेल.


१७ नोव्हेंबर, रविवार

सुपारी फुटली. घोडं गंगेत न्हालं!

दादांनी अडकित्ता मागितला, सुपारी हातात घेतली आणि थांबले. माझा जीव वर. भावकी सगळी बसलेली. समोर धर्मेश, हाताची घडी, चेहरा कारल्यासारखा. दादांनी शैलाबाईंना विचारलं, "पोरीला एकटीला जावं लागंल का पहिल्यांदा?"

"हो. व्हिसा आला की. नीलेश आधी जाईल."

"एकटी," दादा म्हणाले. "तीन तासांचंच तर हाय." आणि कट्कन सुपारी फोडली.

आमचे हे रडले. पेढे वाटताना रडत होते, त्यातले दोन स्वतः खाल्ले.


७ डिसेंबर, शनिवार

आज हळद. आमच्यात लग्नाहून हळद मोठी. अख्खी खारी, बँजो, मांडवाबाहेर मटणाची पातेली. नीलेशकडची शांत माणसं शांती नगरहून आली आणि स्पीकरसमोरच्या खुर्च्यांवर बसली. बिचाऱ्यांना आमचा परिचय नीट झाला.

आणि धर्मेशने डाव साधला. मला माहीतच होतं. बँजो थांबवला. भर मांडवात दादांसमोर फोन धरला. "दादा, तुमाला येडा बनवतात ही लोकं! सोला तास लागतात अमेरिकेला. सोला! हे बघा. पुनं चार तासांवर, ते लांब? न अमेरिका जवल?"

हे खांबामागे गेले. खांब बांबूचा, हे क्विंटलभर. सगळं दिसत होतं.

दादांच्या गालांना हळद. फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाले, "तू कंच्या विमानाचं बोलतंस?"

"त्याच विमानाचं, दादा!"

"तुझं सावकाश जात असंल. यष्टी न्हाय का? एक गावोगाव थांबते, न एक सुसाट जाते. आपली पोर सुसाटवालीनं जाते." आणि बँजोवाल्याकडे हात केला. "वाजव रं!"

मांडव हसून हसून लोळला. धर्मेशलाच सगळे वेडा म्हणाले. माझ्या मनात आलं, वा सावित्री, म्हाताऱ्याच्या अडाणीपणाने तारलं तुला! जिवावरचं बोटावर निभावलं.

मेंदी काढताना चांदणी माझ्याजवळ बसली होती. हळूच म्हणाली, "काकी, पुण्याला असं विमान नसतं ना. नाहीतर माझं पण बसलं असतं कायद्यात." हसत म्हणाली. धर्मेश वाईट वागला, पण खोटं तो बोलत नव्हता. खोटं मी वागतेय.


८ डिसेंबर

लागलं लग्न. दादांनी सगळ्यात आधी अक्षता टाकल्या. पाय सुजलेत. झोपते.


२ जानेवारी

नीलेश परत गेला. अडीचच्या विमानाने. संध्याकाळी साडेपाचला दादांनी विचारलं, "पोचला का जावई?" हे म्हणाले, "हो." आता खोटं बोलायला ह्यांना मासळीचा भावही लागत नाही.


२६ जानेवारी

दादांचं काय बिनसलंय समजत नाही. आज झेंडावंदनाहून आले आणि विचारतात, "सावित्री, पुन्याला आता किती लागतं? नव्या रस्त्यानं?"

म्हटलं, घाट मोकळा असला तर चार तास.

"न नसला तर?"

"तर देवाच्या हातात."

"हं," म्हणाले. अमेरिका तीन तासांवर आणि पुणं देवाच्या हातात! ह्या माणसाचा नकाशा शाळेत लावायला हवा.


९ फेब्रुवारी

व्हिसा आला. एकवीस तारखेचं तिकीट. दुपारी अडीच. पोचायचं पाच वीस, तारीख तीच.

सगळ्यांना पेढे दिले. नंतर मोरीत नळ सोडून रडले. मला ती जायला नकोय. चार वर्षं मीच सगळं जुळवत आणलं आणि मला ती जायला नकोय! कुणाला सांगू? इथे लिहिलं, झालं.


१६ फेब्रुवारी, रविवार

नवं संकट. एकवीसला संध्याकाळी साडेपाचला दादा ओटीवर बसून विचारणार, पोर पोचली का? आणि पोर तेव्हा असेल चीनवर नाहीतर कुठे! जावयाच्या वेळी 'हो' म्हणून भागलं, पूर्वीचा तर आवाज ऐकल्याशिवाय म्हातारा पाणी पिणार नाही.

तोड पूर्वीने काढली. "आई, आपण आधीच रेकॉर्ड करून ठेवू. तू फक्त प्ले कर."

स्वयंपाकघर बंद करून बसलो. पहिल्यांदा — "दादा, मी सुखरूप पोचले" — आणि कुकरची शिट्टी. अमेरिकेत आमचा कुकर! दुसऱ्यांदा सगळं छान झालं, शेवटच्या शब्दाला खालून गाडीवाला ओरडला, "आलू-कांदा लेलोऽऽ!" तिसऱ्यांदा पूर्वीला हसू आवरेना. चौथ्यांदा हसता हसता रडू आलं. पाचवं ठीक झालं.

"दादा, मी सुखरूप पोचले. नीलेश घ्यायला आला होता. इथे आत्ताच दिवे लागतायत."

हे दाराशी उभे राहून ऐकत होते. म्हणाले, "किती छान बोलली. जसं काही पोचलीच." आणि नाक पुसत निघून गेले.


१९ फेब्रुवारी

सामान भरणं चाललंय. वजनकाटा आणून ठेवलाय. मसाल्याची बरणी आत, बाहेर, आत. दादा काठी टेकत आले. "डबा दोन वक्ताचा दे. उपाशी नको ऱ्हायाला."

"दादा, तीन तासांचा तर प्रवास," मी म्हटलं. मुद्दाम.

"दोन वक्ताचा दे. न पायांत मोजे घाल म्हनावं, थंडी असंल."

तीन तासांना दोन वेळचं जेवण! म्हातारा हिशेबात कच्चा, नशीब आमचं.


२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अडीचच्या विमानाला अकराच्या आत पोचायला हवं. मधे दहिसरचा नाका, तिथली गर्दी. म्हणजे घरातून नऊला निघायचं. पण कायदा आहे — जेवून निघायचं! म्हणून साडेआठला पोरीसमोर पान वाढलं. भात, बोंबलाचं कालवण, तांदळाची भाकरी. दादा समोर बसले होते. "खा." पूर्वी रडत रडत बोंबील खात होती. काटा लागला असता तर विमानही गेलं असतं आणि कायदाही.

आणि तिथेच दादांनी धर्मेशला बोलावलं. म्हटलं, आता शेवटच्या क्षणी काय?

दादा म्हणाले, "धर्मेश, तूपन आज निघ. पुन्याला. दुपारी जेवून निघ न दिवेलागणीला त्या पोराच्या दारात पोचतोस का बघ. पोचलास का मना फोन कर. त्याचं अजून लगीन न्हाय झालं, मी इचारलंय."

धर्मेशचं तोंड बघण्यासारखं झालं. आत चांदणीच्या हातातून काहीतरी पडलं.

दादा विमानतळावर आले नाहीत. पूर्वी पाया पडली तेव्हा डोक्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, "जा. सुसाट जा."

दोन गाड्या भरून आम्ही गेलो. दारावरच्या शिपायाने विचारलं, "इतने में से जाना किसको है?" पूर्वी काचेच्या आत गेली. एकदा वळून पाहिलं. मग माणसं मधे आली. मी हात हलवत राहिले, कुणाला ते माहीत नाही. ह्यांनी माझं कोपर धरलं होतं. लग्नानंतर पहिल्यांदाच चारचौघांत.

चारच्या सुमाराला घरी आलो. टॉवरमुळे आमच्या ओटीवर साडेपाचलाच अंधारतं. दादा घड्याळासमोर बसलेले. साडेपाचला म्हणाले, "पोचली असंल."

"हो, आत्ताच आला बघा तिचा निरोप!" मी फोन पुढे धरला. दाबलं.

"दादा, मी सुखरूप पोचले. नीलेश घ्यायला आला होता. इथे आत्ताच दिवे लागतायत—"

"आलू-कांदा लेलोऽऽ!"

मेले! दुसरं दाबलं होतं! हे मट्कन पायरीवर बसले. मी फोन बंद करायला गेले तर तो पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. पुन्हा सुखरूप पोचली, पुन्हा कांदेवाला.

दादांनी शांतपणे दोन्ही वेळा ऐकलं. मग म्हणाले, "तिकडंपन दारावर येतो का कांदेवाला? बरं झालं. पोरीची सोय झाली."

आणि उठून हातपाय धुवायला गेले! मी आत जाऊन तोंडात पदर कोंबला. हसू की रडू समजत नव्हतं. देवा, असं साधं माणूस कुणाला देऊ नकोस, आणि दिलंस तर आमच्यासारख्यांच्या घरी देऊ नकोस.

आठला धर्मेशचा फोन. घाटात अडकलाय. ट्रक उलटलाय. दिवेलागण कधीच होऊन गेली. मागून हॉर्न ऐकू येत होते. दादांनी फोन माझ्या हाती दिला. हे म्हणाले, "झालं! पुण्याच्या आधी अमेरिका आली."

साडेनऊला पुन्हा फोन. पोचला. दिवेलागणीला नाही, जेवणाच्या वेळेला. मी म्हटलं, गेलं बिचारीचं स्थळ. पण दादा फोनमध्ये विचारत होते, "घर कसं हाय? माणसं कशी? मंग सांग त्यांना, रविवारी या सुपारीला."

चांदणी अजून रडतेय. माझी पोर आत्ता कुठे असेल? बर्फावर असेल.


२२ फेब्रुवारी, शनिवार

पावणेसातला उठले. अजून नीट उजाडलं नव्हतं. ओटीवर दिवा लावलेला. दादा आंघोळ करून, टोपी घालून, घड्याळासमोर बसलेले. केव्हापासून, कोण जाणे. पुढ्यातला चहा गार झालेला.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "आता टेकलं असंल विमान. लाव फोन. पन आज कांदेवाला नको लावूस."

तिथेच उंबऱ्यावर बसले आणि फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला. चौथ्यांदा लागला. "आई!" मी काही बोलायच्या आत दादांनी फोन घेतला.

"दिवे लागले का गो तिकडं?"

"हो दादा. आत्ताच लागतायत."